बियाण्याच्या कोठारातील सापळे बदलताना : प्रकल्प नोंदी

4 जानेवारी : आहेत त्या सापळ्यांची पाहणी

बियाण्याच्या कोठारात आणि त्याला लागून असलेल्या अवजारांच्या खोलीत ज्याला जो सुचला तो सापळा आजवर लावला गेला आणि लावलेला सापळा कोणी काढला नाही. आज भिंतीच्या कडेने फिरून सगळे एकत्र केले, तेव्हा चिकट पॅड, लाकडी पाटीवरचे स्प्रिंगचे चाप, तारेचे पिंजरे, अर्धी पाण्याने भरलेली बादली व तिच्यावर बसवलेली फिरती नळी, आणि मागच्या दाराशी घुशीसाठी लावलेला दातेरी लोखंडी जबडा एवढा संग्रह निघाला. इतके सगळे असूनही पोत्यांचे कोपरे कुरतडलेले आहेत आणि फळीवर ताज्या लेंड्या आहेत.

उंदीर मारूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ते बियाणे नासवतात, विजेच्या तारा कुरतडतात, आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार माणसाला होतो. पण ज्याला मारायचे ठरवले त्याला तासन्तास तडफडत ठेवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. म्हणून प्रत्येक सापळा दोन प्रश्नांवर तपासायचा ठरवला आहे : सापडलेला प्राणी किती लवकर बेशुद्ध होतो, आणि जो सापडायला नको असा प्राणी त्यात सापडतो का. या नोंदी असेच काम हाती घेणाऱ्यांसाठी आहेत.

5 जानेवारी : चिकट पॅड काढले

सर्वांत आधी हे काढले, कारण यांच्यात सुधारणा करण्याजोगे काहीच नाही. चापाची स्प्रिंग बदलता येते, पिंजऱ्याचे दार नीट करता येते. चिकट पॅडचे काम मात्र प्राण्याला जिवंत अडकवून ठेवणे एवढेच आहे आणि पुढे त्याचे काय व्हावे याचा विचार त्याच्या रचनेतच नाही. पाय चिकटले की उंदीर सुटण्यासाठी जोर लावतो, त्या जोराने अंग आणि तोंड चिकटते, केस आणि कातडी निघते, काही वेळा तो स्वतःचा पाय कुरतडतो. नाक चिकटले तर तो गुदमरतो. नाही चिकटले तर थकव्याने आणि पाण्यावाचून मरायला त्याला एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो.

एका पॅडवर वाळून गेलेली पाल होती, एकावर उंदराचे नुसते केस आणि कातडीचा तुकडा होता, आणि रॅकच्या मागच्या पॅडवर जिवंत चिचुंद्री होती. चिचुंद्री मुख्यतः किडे खाते. बियाण्याच्या कोठारात ती आपल्याच बाजूची आहे.

सोडवण्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण घाईत बहुतेक लोक प्राण्याला ओढतात आणि त्याची कातडी फाडतात. जाड हातमोजे घालावेत. प्राण्याभोवतीचा मोकळा चिकट भाग आधी कागदाच्या तुकड्यांनी झाकावा, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटत नाही. डोक्यावर हलके कापड टाकावे. अंधारात धडपड कमी होते. मग खाण्याचे तेल चिकटलेल्या जागी थेंब-थेंब सोडावे, नाका-तोंडात जाऊ देऊ नये, आणि बोटाने हळूहळू मोकळे करत जावे. याला धीर लागतो. तेल लागलेल्या अंगाची ऊब टिकत नाही, म्हणून सुटल्यावर जादा तेल टिपून प्राण्याला कोरड्या, उबदार आणि अंधाऱ्या खोक्यात ठेवावे. चिचुंद्रीला तासाभराने बाहेरच्या दगडी बांधाजवळ सोडले. ती चालत गेली, तरी पुढे जगली की नाही हे सांगता येणार नाही. ज्या उंदराची कातडी सुटली आहे किंवा हाड मोडले आहे त्याला मोकळे करून सोडणे ही दया नव्हे. त्याला डोक्यावर जड वस्तूच्या एकाच जोरदार आघाताने लगेच मारले पाहिजे, आणि ज्याला हे जमणार नाही त्याने चिकट पॅड लावूच नये.

काढलेले पॅड तसेच कचऱ्यात टाकले असते तर कचऱ्याच्या ढिगावर पक्षी आणि सरडे चिकटले असते. सगळ्यांवर बारीक माती पसरून ते कागदात गुंडाळले.

न्यूझीलंडने 2015 पासून या पॅडची विक्री आणि वापर परवानगीवाचून बंद केला. वेल्सने ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये 2022 चा कायदा 31 जुलै 2024 पासून अमलात आला आणि आता तेथे परवानाधारक व्यावसायिकालाच, तेही दुसरा मार्ग नसेल तर, ते वापरता येतात. चिकट पॅडला पर्याय नाही, असे म्हणणाऱ्यांनी या देशांतली कोठारेही चालू आहेत हे ध्यानात घ्यावे.

6 जानेवारी

पाण्याची बादली रिकामी करून नळी मोडली. उंदीर चांगला पोहतो, आणि म्हणूनच बादलीतले त्याचे मरण लांबते. गुळगुळीत भिंतीवर चढण्याची धडपड करत तो पार थकेपर्यंत पोहत राहतो. अनेक प्राणी एकदम पकडता येतात म्हणून या बादलीची शिफारस केली जाते, पण एकाने जी यातना भोगायची ती अनेकांनी भोगावी एवढाच त्या सोयीचा अर्थ आहे.

8 जानेवारी : नेमके कोण येते

सापळा कुठला हे ठरवण्याआधी प्राणी कुठला हे कळायला हवे, आणि आजवर ते कोणी पाहिलेच नव्हते. भिंतीच्या कडेने जागोजागी शंखजिऱ्याच्या भुकटीचे पातळ पट्टे पसरले आणि सकाळी पावले पाहिली. रॅकखाली लहान उंदराची पावले आणि 3 ते 6 मिमी लांबीच्या टोकदार लेंड्या आहेत. तुळईजवळ मोठ्या उंदराच्या, याच्या दुपटीहून लांब लेंड्या आहेत आणि त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने लाकडावर काळपट पट्टा उमटला आहे. मागच्या दाराशी घुशीने माती उकरली आहे. अवजारांच्या खोलीत चिचुंद्री फिरते.

प्रौढ लहान उंदराचे वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम असते, तर मोठा उंदीर याच्या आठ-दहा पट जड असतो. दोघांसाठी एकच चाप लावला की लहान चापात मोठा उंदीर मरत नाही, जखमी होऊन चापासकट निघून जातो. तुळईवर मागे राहिलेल्या एका चापावर वाळलेले रक्त होते, ते यामुळेच असावे.

10 जानेवारी : चापांची तपासणी

या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस होता, म्हणून नोंद लांबली आहे.

चापात सापडलेला प्राणी दोन गोष्टींनी मरतो : तार आदळताना बसणारा आघात, आणि आदळल्यानंतर ती दाबून धरणारा जोर. आघात कवटीवर किंवा मानेवर बसला तर शुद्ध लगेच हरपते. तो छातीवर बसला तर दाब पुरेसा असल्यासच श्वास थांबतो. कंबर, पाय किंवा शेपटी सापडली तर चाप कितीही चांगला असला तरी ती यातनाच आहे. म्हणजे स्प्रिंग चांगली असणे आणि प्राणी योग्य जागी, योग्य दिशेने उभा असणे या दोन्ही गोष्टी लागतात, आणि पाकिटावर यांपैकी एकीचीही माहिती नसते.

खटक्याची तपासणी अशी केली. लावलेल्या चापाच्या खटक्यावर हलके झाकण ठेवून त्यात थेंब-थेंब पाणी सोडले आणि किती वजनाला चाप सुटतो ते पाहिले. काही चाप दोन-तीन ग्रॅमला सुटले, तर काही लहान उंदराच्या पूर्ण वजनालाही हलले नाहीत. असा चाप निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. उंदीर त्यावर चढून, वळून, आमिष ओढत राहतो आणि चाप सुटतो तेव्हा त्याचे डोके भलतीकडेच असते. खटका जड होण्याचे मुख्य कारण गंज होते. दमटपणाने फुगलेली पाटी हे दुसरे कारण, कारण पाटी फुगली की खटक्याची तार तिच्या घरात घट्ट बसते.

दाब मोजण्यासाठी बंद चापात बोटाएवढ्या जाडीची लाकडी काडी ठेवली आणि आडव्या तारेला ताणकाट्याचा (स्प्रिंगच्या वजनकाट्याचा) हूक लावून तार काडीवरून जेमतेम उचलेपर्यंत ओढली. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या चापांमध्ये सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट यांच्या वाचनात दुपटीहून अधिक फरक निघाला. काहींची स्प्रिंग धरणारी खिळतार पाटीतून उचकटत होती, तर प्लॅस्टिकच्या चापांचा वरचा जबडा दाबाखाली वाकत होता. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यांत्रिक चाचण्यांतही बाजारातल्या चापांच्या आघातात आणि दाबात कित्येक पटींचा फरक आढळला होता.

कायद्यातली उणीवही येथेच आहे. युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांच्या वाटाघाटींतून 1997 मध्ये आकाराला आलेल्या सापळ्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात मारणाऱ्या सापळ्याने प्राणी किती सेकंदांत बेशुद्ध व्हावा याच्या मर्यादा घातल्या आहेत. अर्मिन या लहान मुंगसासारख्या प्राण्यासाठी 45 सेकंद, त्याच्याच कुळातल्या मार्टेनसाठी 120 आणि इतर बहुतेकांसाठी 300. पण तो करार 19 जातींच्या केसाळ प्राण्यांपुरताच आहे. घरातला उंदीर त्यात नाही. ब्रिटनमध्ये स्प्रिंगच्या सापळ्यांना सरकारी मान्यता लागते, पण उंदरांचे नेहमीचे चाप या अटीतून 1958 सालीच वगळले गेले. घरोघरी लावले जाणारे सापळे अशा रीतीने तपासणीबाहेर राहिले आहेत, आणि म्हणून ती तपासणी लावणाऱ्यालाच करावी लागते.

निम्म्याहून अधिक चाप बाद केले, आणि कोणी उचलून पुन्हा वापरू नयेत म्हणून त्यांच्या स्प्रिंगा कापल्या. उरलेल्यांचा गंज घासून खटक्याच्या सांध्याला तेलाचा एकच थेंब दिला. नवे चाप घेताना रुंद पट्टीच्या खटक्याचे आणि ताठ जबड्याचे निवडले, आणि प्रत्येक चाप लावण्यापूर्वी वरील दोन्ही चाचण्यांतून काढला.

13 जानेवारी : तारेचे पिंजरे

जिवंत पकडतो म्हणून पिंजरा दयाळू, असे समजणे चुकीचे आहे. आमच्या पिंजऱ्यांचे दार वरून जोरात पडते आणि शेपटीवर बसते; जाळीची कापलेली टोके आत वळलेली असल्याने बाहेर पडू पाहणाऱ्या उंदराचे नाक आणि दात रक्ताळतात; आत लपायला काहीच नाही. सुटीच्या आदल्या दिवशी लावलेला पिंजरा सुटीनंतर उघडला तर आत भुकेने, तहानेने किंवा थंडीने मेलेला प्राणी मिळतो. आणि जिवंत मिळालेल्याचे काय करायचे, हे कोणीच ठरवलेले नव्हते. तो बहुधा पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवला जात असे. लांब नेऊन सोडलेला उंदीर अनोळखी जागी आसरा आणि अन्न न मिळाल्याने बहुतेकदा लवकरच मरतो, किंवा दुसऱ्याच्या घरात शिरतो.

तारेचे पिंजरे मोडीत काढले. चिचुंद्री फिरते त्या अवजारांच्या खोलीत मात्र मारणारा सापळा लावता येत नाही, कारण ज्या भोकातून उंदीर जातो त्यातून चिचुंद्रीही जाते. म्हणून तेथे बंद भिंतींचे पेटीसापळे ठेवले. आत कोरडे गवत, धान्य आणि ओलाव्यासाठी फळाची फोड. हे सापळे संध्याकाळी लावून रात्री एकदा आणि पहाटे पुन्हा पाहावे लागतात. चिचुंद्रीचे शरीर इतके भराभर अन्न जाळते की काही तास उपाशी राहिली तरी ती मरू शकते. ज्या रात्री पाहायला कोणी नसेल त्या रात्री सापळा उलटा करून ठेवायचा, असा नियम दारावर लिहिला आहे.

17 जानेवारी : चापासाठी बोगदे

उघड्यावर ठेवलेल्या चापाकडे उंदीर कुठूनही येतो. तो समोरूनच यावा, म्हणून प्रत्येक चाप लाकडी बोगद्यात बसवायला घेतला. न्यूझीलंडच्या निसर्ग संवर्धन विभागाने विकसित केलेले डीओसी 150, 200 आणि 250 हे सापळे अशाच पेटीत बसवतात. पेटीच्या आतील आडोसे प्राण्याला ठरलेल्या वाटेने खटक्यावर आणतात आणि बाहेरची जाळी पक्ष्यांना दूर ठेवते. तीच कल्पना आम्ही लहान मापात वापरली.

पहिला नमुना चापाच्या दीडपट रुंद झाला. रात्रीच्या कॅमेऱ्यात दिसले की उंदीर भिंतीला घासून कडेने आत गेला, चापाला वळसा घालून मागून आमिषाकडे वळला आणि तार त्याच्या कंबरेवर बसली. कॅमेऱ्याची सूचना फोनवर येत असल्यामुळे लगेच जाऊन त्याला मारता आले, पण तेवढा वेळही त्याच्यासाठी फार होता. त्यानंतर बोगद्याची आतली रुंदी चापापेक्षा काही मिलीमीटरच जास्त ठेवली, मागची बाजू जाळीने बंद केली, आणि चाप असा वळवला की खटका जाळीकडे न जाता तोंडाकडे आला. जाळीमुळे आत उजेड राहतो आणि उंदराला वाट पुढे जाते असे वाटते. छत इतके उंच असावे की तार पूर्ण अर्धवर्तुळात फिरेल. एका पेटीत ती छताला घासून मंदावत होती, ते हाताने चाप सोडून पाहिल्यावरच कळले. चाप तळाला स्क्रूने बांधला, म्हणजे अर्धवट सापडलेला प्राणी तो ओढत अडगळीत जाणार नाही.

सुतारकामाला ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

20 जानेवारी : न लावलेले चाप

बोगदे भिंतीला समांतर, पावलांच्या वाटेवर ठेवले आणि आत आमिष ठेवले, पण चाप ओढले नाहीत. लहान उंदीर नव्या वस्तूकडे कुतूहलाने जातो, परंतु मोठा उंदीर नव्या वस्तूपासून कित्येक दिवस दूर राहतो. पहिल्या रात्रीच चाप ओढला तर तो बिचकत, अंग चोरून आत येतो आणि अर्धवट मारा खातो. एकदा असे निसटलेला उंदीर त्या प्रकारच्या सापळ्याकडे पुन्हा सहजी फिरकत नाही.

या काळात सहकाऱ्यांची नाराजी वाढली, कारण रोज कुरतडलेले पोते दिसत होते आणि सापळे नुसते ठेवलेले होते. चिकट पॅड परत आणावेत असाही आग्रह झाला. त्यांना वाळलेल्या पालीचा पॅड दाखवला आणि गेली अनेक वर्षे पॅड असूनही उंदीर का आहेत, हे विचारले.

28 जानेवारी

सर्व बोगद्यांतले आमिष नियमित संपू लागल्यावर चाप ओढले. आमिषाचे प्रमाण महत्त्वाचे निघाले. मोठा गोळा ठेवला तर उंदीर कडेचा तुकडा तोडून नेतो. मसुराएवढा शेंगदाण्याचा लगदा पट्टीवर चोळून लावला तर त्याला डोके खाली घालून चाटावे लागते, आणि मान नेमकी तारेच्या मार्गात येते. मादी घरटे बांधत असेल त्या जागी खाण्यापेक्षा कापसाचा धागा बांधून ठेवणे अधिक उपयोगी पडले.

सापडलेल्या प्रत्येक उंदराच्या अंगावर तार कुठे बसली, हे वहीत लिहितो. आतापर्यंतच्या नोंदी मान आणि डोक्याच्या आहेत. तुळईवरच्या एका मोठ्या चापात मात्र खांद्यावर मारा बसला होता. तेथे बोगद्याचे तोंड तिरपे बसले होते, ते सरळ केले.

2 फेब्रुवारी : घुशीचा जबडा

दातेरी जबडा पाय पकडतो आणि माणूस येईपर्यंत प्राण्याला मोडलेल्या हाडावर उभे ठेवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा जबड्यांचा वापर 1958 पासून बेकायदा आहे आणि युरोपीय संघाने पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर 1991 च्या नियमाने बंदी आणली. तो कापून भंगारात दिला. त्याच्या जागी सापळाच ठेवला नाही. दाराच्या बाहेर भिंतीलगत चर खणून त्यात जाड जाळी उभी पुरली आणि तिचे खालचे टोक काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवले. भिंतीलगत उकरत खाली गेलेल्या प्राण्याला जाळी लागते आणि तो मागे सरून खणण्याऐवजी सोडून देतो. जाळी पुरण्यापूर्वी बिळाची तोंडे कागदाने हलकी बंद करून कागद दोन रात्री तसाच राहतो का ते पाहिले, म्हणजे आत कोणी जिवंत गाडले जाणार नाही. पहिल्या वेळी कागद फाटलेला मिळाला आणि तेवढा काळ काम थांबवावे लागले.

9 फेब्रुवारी : फटी बुजवल्या

लहान उंदराला 6 मिमीची फट पुरते. पेन्सिल जिथे आत जाते ती जागा बुजवायची, अशी खूण ठरवून खालपासून छपरापर्यंत फिरलो. पाइपांभोवती स्टील वूल घट्ट कोंबून त्यावर सिमेंटचा गिलावा केला. नुसता फोम आधी भरला होता तो एका आठवड्यात कुरतडला गेला. दाराखाली ब्रश लावला होता, तोही टिकला नाही, म्हणून पत्र्याची पट्टी बसवली. झरोक्यांना 6 मिमीहून लहान भोकांची जाळी ठोकली. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांच्या मंचावर घेतली, म्हणजे मागे झाडता आणि पाहता येते. सांडलेले दाणे रोज संध्याकाळी उचलण्याचे काम वाटून दिले. संपूर्ण प्रकल्पातले सर्वाधिक कष्ट येथे गेले, आणि चापात सापडणाऱ्यांची संख्या उतरली तीही यानंतरच. घरातल्या उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांच्या गर्भारपणात एका वेतात पाच ते आठ पिल्ले देते. वाट उघडी ठेवून नुसते मारत राहिले तर मारणे कधी थांबतच नाही.

16 फेब्रुवारी

एका सहकाऱ्याने विजेचा धक्का देणारी पेटी आणून दिली. नव्या बॅटरीवर ती ठीक चालते. बॅटरी उतरत आली की धक्का अपुरा पडण्याची भीती आहे आणि ही पेटी बॅटरी संपल्याचाच दिवा लावते, उतरल्याचा लावत नाही. वापरायला घेतली नाही.

1 मार्च

रॅकखालच्या भुकटीवर आता पावले नाहीत. तुळईवर एका मोठ्या उंदराची अजून आहेत. तेथील बोगदा दोन्ही टोकांनी मोकळा पडत होता, म्हणून मागची जाळी नव्याने ठोकली आणि चाप पुन्हा न ओढता ठेवला आहे. जेथे पावले थांबली तेथले चाप उचलून कोरड्या पेटीत ठेवले, कारण गरज नसलेला लावलेला चाप पाल किंवा चिचुंद्रीच पकडणार. लावलेले चाप दररोज सकाळी पाहायचे, महिन्यातून एकदा खटक्याची पाण्याच्या थेंबांची चाचणी आणि ताणकाट्याची चाचणी करायची, आणि पहिल्या वाचनापेक्षा दाब लक्षात येण्याइतका उतरला की स्प्रिंग तुटण्याची वाट न पाहता चापच बदलायचा. प्रत्येक चापाचे पहिले वाचन त्याच्या पाटीच्या मागे पक्क्या शाईने लिहिले आहे.

पुढचे काम छपराच्या कौलांखालच्या पोकळीचे आहे. तेथे वटवाघळे राहतात का हे पाहिल्याशिवाय एकही फट बंद करायची नाही.